ज्याचा हात, त्याचं बोट

मामा, तुमची गाडी मी केली.

खरी नव्हे. खऱ्या गाडीला आता बैल कुठले आणि बाभळी कुठल्या. दोन तळहातांवर मावेल एवढी. पण चाकाला बारा आरे आहेत आणि बाराच्या बारा मधल्या तुंब्यात भोकं पाडून ठोकलेत, एकही नुसता चिकटवलेला नाही. चाकं फिरतात. चाकावरची धाव लोखंडाची आहे आणि तापवून बसवली आहे. तालुक्याच्या गावी जुन्या बाजारतळाचा देखावा मांडलाय, त्यात ती काचेच्या पेटीत उभी आहे, आणि माणसं वाकून वाकून बघतात. हे तुम्हाला सांगायला दुसरा रस्ता नाही म्हणून लिहायला बसले. मला चौथीतून काढलं, तेव्हा अक्षराला हसू नका. आणि तुम्ही जिवंत असताना आपण सासरा-सून समोरासमोर कधी बोललोच नाही, त्यामुळं तुम्ही गेल्यावर बोलायला मला तसं काही अवघड जात नाही.

आपल्या घरात रीतच तशी होती. तुम्हाला चहा पाहिजे असला की तुम्ही उंबऱ्याकडं न बघता म्हणायचा, "घरात कोन हाय का? च्या टाका म्हनावं." घरात मीच असायचे आणि तुम्हाला ते माहीत असायचं. मी आतून कपाळापर्यंत पदर ओढून म्हणायचे, "टाकलाय म्हनावं." मधे निरोप न्यायला चिटपाखरू नाही. आत्या परसात शेण्या लावत असल्या तर तिथनंच हसायच्या. म्हणायच्या, "ह्या दोगांच्या मधी त्यो म्हनावं हाय तवर घराला घोर न्हाई." सासूला आत्या आणि सासऱ्याला मामा म्हणायची आपली पद्धत, पण मी तुम्हाला मामा अशी हाक तरी कधी मारली? आत्ता कागदावर मारली, ती पहिली.

स्वयंपाकघराच्या मागच्या दारातून तुमच्या कामाची सुतारमेट समोर दिसायची. चुलीपुढं बसलं की डाव्या हाताला तवा आणि उजव्या हाताला तुम्ही. माझं माहेर रहिमतपूरकडचं, माझे वडीलही सुतारच, पण दारं-चौकटीवाले. दार म्हणजे चार कोपरे. त्यात बघायचं काय? चाक मी पहिल्यांदा तुमच्याकडं बघितलं. बाभळीचा ओंडका पायाखाली धरून तुम्ही वाकस मारताय, ढलप्या उडतायत, आणि त्या बेढब लाकडातून तुंबा असा बाहेर येतोय जसा तो आत बसूनच होता. माझी भाकरी करपायची. आत्या ओरडायच्या. मला वाटायचं, भाकरी काय रोजचीच आहे.

धाव बसवायच्या दिवशी मात्र बायकांनाही हाक असायची, पाणी ओतायला. अजून डोळ्यांपुढं आहे. अंगणात शेण्यांचा गोल रचून पेटवलेला, त्यात लोखंडाचं कडं लाल झालेलं. तुम्ही आणि लोहार दोघं चिमट्यांनी ते उचलून चाकावर टाकताय. लाकूड पेट घेतं, धूर उठतो, आणि तुम्ही ओरडता, "पानी! पानी म्हनावं!" आम्ही दोघी घागरी ओततो. चुर्र करून वाफ अंगावर येते आणि चाक कुरकुरतं. लोखंड आवळायला लागलं की सगळे सांधे एकदम बसतात, त्याचा तो आवाज. मला तो आवाज ओळखू यायचा. आवाज थांबायच्या आत पाणी थांबवलं तर चाक ढिलं राहणार, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझं मलाच कळलं होतं. तुम्हाला ते ठाऊक होतं की नाही कोण जाणे, पण शेवटची घागर तुम्ही आत्यांना कधी ओतू दिली नाहीत. "तिला वतू द्या म्हनावं," म्हणायचा.

आणि मग तो दिवस. कारखान्याचा हंगाम तोंडावर आलाय, गाड्यांची घाई आहे, तुम्ही लोहाराकडं गेलाय. आऱ्यांची लाकडं चिरून ठेवलेली आहेत, फक्त लांबीला तोडायची. माप मला पाठ आहे, रोज कानावर येतं: आरा सव्वा हात. मी पदर खोचून मेटीत गेले. कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत माझा हात लाकडावर धरला, वर पाव हात म्हणजे सहा बोटं घेतली, गेरूची खूण केली आणि करवतीनं आरा सरळ तोडला. काप इतका सरळ आला की मलाच हसू फुटलं. तेवढ्यात तुम्ही आलात. आरा उचललात, स्वतःच्या हाताला लावून बघितलात. जवळजवळ चार बोटं आखूड. माझ्याकडं बघितलं नाहीत. आऱ्याकडंच बघून म्हणालात, "ज्याचा हात, त्याचं बोट!" आणि तो जळणाच्या ढिगात भिरकावलात.

मला त्याचा अर्थ एकच लागला. काम ज्याचं हात त्याचा, सुनेनं लुडबूड करू नये. कानशिलं तापली. आत जाऊन आत्यांना विचारलं तर त्या म्हणाल्या, "सुतारकीतलं काय तरी आसंल. तू तव्याकडं बघ." दुसऱ्या दिवशी तोच आरा मी बंबात घातला आणि त्यावर तुमचंच अंघोळीचं पाणी तापवलं. त्यानंतर चहा द्यायला सोडून मी मेटीत पाय टाकला नाही. तुम्ही मात्र तेव्हापासून मापं मोठमोठ्यानं म्हणायला लागलात. "चाक तीन हात! दांडी आठ हात! जू साडेतीन हात!" आत्या म्हणायच्या, ह्यांचे कान गेले. कान गेलेला माणूस मोठ्यानं बोलतो, म्हणून मीही तेच धरून चालले. तुम्ही गेलात तेव्हा माझी धाकटी पाळण्यात होती. आता तिच्या पाळण्यात तिची पोरगी आहे.

तुमच्यानंतर मेट बंद झाली. ह्यांना चाक जमलं नाही आणि ट्रॅक्टर आल्यावर कोणाला पाहिजेही नव्हतं. हे आता फर्निचरच्या दुकानात प्लायवूड कापतात आणि सनमायका चिकटवतात. माझं काय, तर गौरी-गणपतीत गौरीपुढं मांडायला मी बारीकसारीक वस्तू करायला लागले. जातं, उखळ, बंब. एका साली हापसा केला. सलाईनची नळी आत घातली होती, दांडा हलवला की खरंच पाणी यायचं. हळदीकुंकवाला आलेल्या बायका हळदीकुंकू विसरून हापसाच हापसत बसल्या. एकीनं तर लुगडं भिजवून घेतलं. त्याचा फोटो धाकटीनं फोनवरून कुठंतरी पाठवला आणि तो फिरत फिरत सांगलीच्या एका मुलीकडं गेला. चित्रकला शिकलेली, असे देखावे बांधून पोट भरणारी मुलगी. तिनं फोन केला. जुना बाजारतळ करतेय, माणसं आणि बैल मातीचे तयार आहेत, गाडी तेवढी कोणाला जमत नाही. "काकू, सगळं चोवीस पट लहान केलंय. त्याच मापात जमेल का?"

मी म्हटलं, "चोवीस-बिवीस मला नका सांगू. हाताला बोट धरायचं ना?"

हे मी तुमचंच बोलले. एकदा कोणाच्या तरी नातवाला बेंदराला खेळायला गाडी करताना तुम्ही म्हणाला होतात, खऱ्याला जिथं हात तिथं लहानाला बोट धर, की झाली. कोपरापासूनच्या एका हातात आडवी बोटं चोवीसच की. ती मुलगी हसली. "अहो काकू, तेच! अगदी तेच माप."

मग मी बसले. माळ्यावर तुमच्या बाभळीचे तुकडे अजून होते, बंबासाठी ठेवलेले. तुमची सगळ्यात बारीक पटाशीसुद्धा त्या तुंब्याला कुऱ्हाडीसारखी वाटायला लागली, म्हणून छत्रीची काडी पाट्यावर घासून घासून तिची पटाशी केली. बारा भोकं सारख्या अंतरावर पाडायची तर तुंब्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळली, उलगडून ती दुमडली, परत दुमडली, मग तिची तीनपदरी घडी घातली. झाले बारा. आरे तासताना बोटांची सालं निघाली. पाइप कापणाऱ्याकडून लोखंडी पाइपाच्या पातळ चकत्या आणल्या, त्या झाल्या धावा. गॅसवर चिमट्यात धरून लाल केल्या, चाकावर टाकल्या, धूर झाला, तांब्यानं पाणी ओतलं. चुर्र. आणि मामा, एवढंसं चाक, पण तेही कुरकुरलं. हे धावत आत आले, "काय जाळलंस?" मी म्हटलं, "गप बसा, ऐकू द्या." तुमच्या गाड्या अंगणातून बाहेर पडताना असायच्या तशी लाल-हिरवी रंगवली. दांडीवर पिवळी वेलबुट्टी काढली. मिठाईच्या खोक्यात कापूस घालून, मांडीवर घेऊन, एसटीनं सांगलीला नेली. शेजारची बाई म्हणाली, "पेढं हायती व्हय?" मी म्हटलं, "न्हाई. गाडी हाय." ती सरकून बसली.

सांगलीत त्या मुलीच्या खोलीत मोठ्या टेबलावर सगळा बाजार मांडलेला. मिरच्यांचे ढीग, बांगड्यांचं दुकान, पागोटंवाला म्हातारा. तिनं माझी गाडी दोन्ही हातांनी उचलली, चाक फिरवलं, आणि परत परत फिरवत राहिली. मी मनात म्हटलं, बघ. मग तिनं बैल आणले. बैलाची मान जुवाच्या खुंट्यांत घालायला गेली, तर शिरेना. ह्या बाजूनं केलं, त्या बाजूनं केलं. मान जाड नव्हती, मामा. खुंट्याच जवळ होत्या. पागोटंवाल्याला चाकाशेजारी उभा केला, तर चाक त्याच्या छातीला यायचं ते पोटाला आलं. सगळी गाडीच बारकी. घरी फोन करून ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "मग शेळ्या जुंप." मी फोन ठेवला.

मुलगी भली. ती म्हणाली, "काकू, वाईट वाटून घेऊ नका. दिवस थोडे आहेत. दुकानात तयार गाडी मिळते, मापात बसते. तुमची आपण वेगळ्या कपाटात ठेवू, सुंदरच आहे ती." आणि तिनं टेबलाखालून ती तयार गाडी काढून दाखवली. चकचकीत, व्हार्निश मारलेली. चाकाला आठ आरे. आठ! आणि चाकं फिरतच नव्हती, नुसती चिकटवलेली. मला एकदम दिसलं ते पुढचं सगळं. आपल्या भागात तुमच्या हातची एक गाडी उरलेली नाही. उसाच्या फडात वापरून वापरून मोडल्या, चुलीत गेल्या. आता पोरं येणार, काचेला नाक लावून बघणार आणि म्हणणार, आपल्याकडं गाडीला आठ आरे असायचे. ते झालं की झालं, मग तुम्ही होतात की नव्हतात सगळं सारखंच. मी म्हटलं, "ती परत आत ठेवा. मला सांगा, माझं चुकलं कुठं?"

तिनं पट्टी लावली. "गाडीतल्या गाडीत सगळं बरोबर आहे हो. पण नवात एक भाग कमी, सगळीकडं सारखाच. तुम्ही माप कसं घेतलं?"

"हाताला बोट."

"कोणाचा हात?"

"मामांचा. त्यांची मापं पाठ हायती मला."

"आणि बोट?"

मी माझं बोट वर केलं. तिनं त्या बोटाकडं बघितलं, मीही बघितलं. "मग काकू," ती हळूच म्हणाली, "हात एकाचा आणि बोट दुसऱ्याचं झालं की."

मामा, मी तिथं स्टुलावर बसले ती उठलेच नाही. त्या मुलीला वाटलं मला चक्कर आली. तिनं पाणी आणलं. ज्याचा हात, त्याचं बोट. ते माप होतं! ती शिवी नव्हती, टोमणा नव्हता, बायकांनी बाजूला व्हा असंही नव्हतं. सुतारकीतला साधा नियम होता, की हात एकाचा घेतला तर बोटही त्याचंच घ्या, एका गाडीत दोन माणसांची मापं मिसळू नका. चौघं सुतार एका गाडीवर बसले तर एकाच्याच हातानं मोजायचं, एवढंच. आत्या बरोबर म्हणाल्या होत्या, सुतारकीतलं काय तरी आसंल. आणि मी ते इतकी वर्षं गालावरच्या बोटांच्या वळासारखं घेऊन हिंडले.

परतीच्या एसटीत मला तुमचा भयंकर राग आला, तोही सांगते. "तुजा हात बारका हाय, माझ्या हातानं मोज," एवढं बोलायला काय पैसे पडत होते? माझ्याशी बोलायचं नव्हतं तर "माझ्या हातानं मोजा म्हनावं" म्हणायचं. त्यासाठीच ठेवला होता ना तो म्हनावं मधे? आणि मग कऱ्हाड यायच्या आधी मला ती मोठ्यानं म्हटलेली मापं आठवली. चाक तीन हात! जू साडेतीन हात! मेटीत तुम्ही एकटे असताना कोणाला सांगत होतात? दार स्वयंपाकघराचं समोर होतं. मला उगाच मोठेपणा घ्यायचा नाही. तुमचे कान खरंच गेले असतील. पण कान गेलेला माणूस चहा मागतानाही मोठ्यानं बोलला असता, आणि चहा तुम्ही शेवटपर्यंत हळूच मागितलात.

आता दुसरी करायची तर तुमचा हात आणायचा कुठून? मला उंब्रजच्या पुढचं हायवेचं हॉटेल आठवलं. तिथं भिंतीवर गाडीचं चाक टांगलंय, सोनेरी रंग दिलेलं, भोवती दिव्यांची माळ. जाता-येता बसमधून मी बघायचे आणि तोंड फिरवायचे. गेले. नखानं तुंब्यावरचा सोनेरी रंग खरवडला. खाली तुमची रेघ होती. तुंब्याला गोल रेघ मारताना सुरुवातीला तुम्ही पटाशी जरा खोल दाबायचा, तिथं गव्हाच्या दाण्याएवढा खळगा पडायचा, तो. वाढपी धावत आला.

"आवं काकू, रंग उडतोय! हात नका लावू."

"माझ्या सासऱ्याचं चाक हाय हे."

"मग काय न्यायला आलाय व्हय?"

"न्हाई. मोजायला."

त्यानं मालकाकडं बघितलं. मालक गल्ल्यावरून म्हणाला, "मोजू दे, मोजू दे. भिंत नका मोजू म्हनावं." सगळे हसले, मीही हसले. खुर्चीवर चढून मी कोपर चाकाच्या कडेला लावलं. तुमचं चाक तुमच्या हातानं तीन हात. माझ्या हातानं भरलं तीन हात आणि वर नऊ बोटं. म्हणजे तुमच्या एका हाताला माझा एक हात आणि वर तीन बोटं. एवढंच अंतर होतं आपल्यात, मामा. तीन बोटांचं. मालकानं चहा दिला, तो घेतला. सोनेरी रंग काढून टाका आणि तेल द्या, लाकूड श्वास घेईल, असं त्याला सांगून आले. ऐकणार नाही तो.

मग तुमचं प्रत्येक माप मी माझ्या हातात आणलं. जिथं तुमचा हात तिथं माझा हात आणि तीन बोटं. आणि मग माझ्याच बोटानं लहान केलं. दुसरी गाडी पहिलीपेक्षा लवकर झाली, कारण आता पटाशीला आणि मला एकमेकींची सवय झाली होती. रंगाच्या वेळी मात्र मी सांगलीलाच गेले. त्या मुलीनं शिकवलं, आणि मी निमूट शिकले. मी निमूट शिकले हे ह्यांना सांगितलं तर ह्यांना खरं वाटलं नाही. ती म्हणाली, "काकू, ही गाडी पावसात भिजलीय, उन्हात वाळलीय, बाजारात येऊन थकलीय. ती नवी दिसून कशी चालेल?" लाल-हिरवं अंग आधी रंगवायचं आणि मग बारीक पॉलिश कागदानं जिथं माणसाचा हात लागतो, दोर घासतो, तिथंच उडवायचं. मला ते एकदम पटलं. हात कुठं लागतो ते तिच्यापेक्षा मला जास्त माहीत होतं, आणि रंग कसा उडवायचा ते तिला. उघड्या लाकडाला चहाचं पाणी. ताकात खिळे बुडवून ठेवले, ते काळं ताक बाभळीवर लावलं की लाकूड म्हातारं होतं. आसाला काजळ आणि तेलाचं वंगण, जरा ओघळलेलं. चाकाच्या खालच्या अंगाला आपल्या रानातली काळी माती, वस्त्रगाळ करून. बाहेरून मागवलेली तिची कसली कसली भुकटी होती, पण चिखल मी आपलाच घातला.

बैलांच्या माना खुंट्यांत बसल्या. खट् असा आवाजही नाही. बसल्या आणि गाडी बैलांची झाली. पागोटंवाल्याच्या छातीला चाक आलं. मुलीनं पट्टी लावली, परत लावली, आणि मला मिठी मारली. माझ्या हाताला काजळ होतं, तिच्या पाठीवर पाच बोटं उमटली.

उद्घाटनाला गर्दी होती, भाषणं होती. ती मी ऐकली नाहीत, पेटीपाशीच उभी होते. एक म्हातारा आला, कडेगावकडचा, जन्मभर कारखान्याला गाडी घातलेला. काचेवर कपाळ टेकवून उभा राहिला. मग नातवाला म्हणाला, "बग, वंगान गळतंय. कुनीतरी कालच आस काढून घातलाय." मामा, मला दुसरं काही नको. गाडी लहान आहे, सुंदर आहे, असं तो म्हणालाच नाही. कालच आस घातलाय म्हणाला. पेटीखाली पाटी लावायची होती, करणाऱ्याचं नाव. हे म्हणाले, "आबांचं नाव लिव. त्यांचीच गाडी ती." मी म्हटलं, "त्यांनी केली का?" मी माझं नाव लिहायला सांगितलं, माझं आणि फक्त माझं. तुम्हाला राग यायचं कारण नाही. नियम तुमचाच आहे: हात माझा, बोट माझं.

एक राहिलं. त्या मुलीनं विचारलं, पहिल्या गाडीचं काय केलं? मी सांगितलं, मोडून बंबात घातली. ह्यांनाही तेच सांगितलंय. पटलं त्यांना, माझा स्वभाव माहीत आहे, चुकलेली वस्तू मी ठेवत नाही. पण ती मोडायला घेतली तेव्हा लक्षात आलं, की हिच्यात हात तुमचा आहे आणि बोट माझं. नियमानं चूक, बैल जुंपता येत नाहीत, शेळ्याही येणार नाहीत. पण आपण दोघांनी मिळून केलेली तेवढीच एक. लाल-हिरवी, कोरी, अंगणातून निघाल्यासारखी. हे पत्र कुठं पाठवायचं नाही, चार घड्या घालून तिच्यातच ठेवणार आहे.

कोणी विचारलंच तर पिठाच्या डब्यामागं हाय म्हनावं.